करंजाच्या गुड्यातील दोन दिवस

काही प्रवास माणूस हौसेने करतो आणि काही देणे फेडण्यासाठी. गेल्या चैत्रात आदिलाबादहून उटनूरच्या डोंगरी मुलखात मी जो दोन दिवसांचा प्रवास केला, तो या दुसऱ्या जातीचा होता. देणे पैशाचे नव्हते, शब्दाचे होते. वीसएक वर्षांपूर्वी पैनगंगेच्या काठच्या एका गावात मी तरुण शिक्षक असताना भर सभेत एक शब्द देऊन बसलो होतो. तो शब्द खोटा ठरला आणि त्याची झळ एका सरळमार्गी शेतकऱ्याला बसली. त्याच शेतकऱ्याची मुलगी, माझी एके काळची विद्यार्थिनी, आज जैनूरकडील एका गोंड गुड्यात शिक्षिका आहे. माघ महिन्यात तिचा निरोप आला : “गुरुजी, आमच्याकडे करंजाच्या शेंगा झोडायला सुरुवात होईल. एकदा येऊन पाहा. तुम्ही पाहायलाच हवं.” ‘पाहायलाच हवं’ या दोन शब्दांत काय दडले आहे, हे मला कळले. शाळा सकाळच्या झाल्या, तशी एका शनिवारी दुपारी मी पिशवी उचलली.

आदिलाबाद ते उटनूर हे अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरांचे. गुडीहतनूरपर्यंत हैदराबादचा हमरस्ता, तेथून डावीकडे वळले की इंद्रवेल्ली. डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात स्त्रियांना बसचा प्रवास मोफत झाल्यामुळे गाडी बायामाणसांनी गच्च भरलेली होती. तेलुगू, गोंडी, उर्दू आणि मराठी अशा चार भाषा एकाच गाडीत सुखाने नांदत होत्या. आमच्या या जिल्ह्याचे हे जुनेच वैभव आहे. १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानाच्या मुलखात मराठवाड्याचे भाऊबंद म्हणून राहिलो. पुढे सीमा बदलल्या, २०१६ मध्ये जिल्ह्याचेही चार तुकडे झाले. परंतु बाजारातली मराठी काही हलली नाही.

इंद्रवेल्लीला गाडी थांबते, तेथून जवळच १९८१ च्या एप्रिलमध्ये गोळीबारात पडलेल्या गोंडांचा स्मृतिस्तंभ आहे. केस्लापूरच्या नागोबाची वाटही इथूनच फुटते. पुढे सागाचे रान लागते. पाने झडलेली, आणि मधूनमधून पळस पेटलेला. मोहाखाली बायका-मुले पहाटेची फुले वेचून परतत होती. जैनूरजवळ मार्लवाई आहे. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी १९४० नंतरच्या काळात या गावी राहून गोंड मुलांच्या शिक्षणाची जी व्यवस्था उभी केली, तिच्यातील गोंडी पाठ्यपुस्तके देवनागरी लिपीत होती. मराठीच्या मास्तराला या मातीत परके का वाटत नाही, याचे एक उत्तर त्या पुस्तकांत आहे.

गुड्यात पोचेतो दिवस कलला होता. शिक्षिकाबाई वेशीवरच उभ्या होत्या. वाकून नमस्कार केला. मी म्हटले, “बाळ, बाबा कसे आहेत?” ती म्हणाली, “बरे आहेत. तुमची आठवण काढतात.” मला त्या वाक्याने बरे वाटण्याऐवजी अवघडल्यासारखेच झाले.

आता ती जुनी गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने बायोडिझेलचा अहवाल दिला, तेव्हापासून मोगली एरंडाचे, म्हणजेच चंद्रज्योतीचे, वारे देशभर वाहू लागले. डिझेलमध्ये वीस टक्के वनस्पतिजन्य तेल मिसळायचे, त्यासाठी एक कोटीहून अधिक हेक्टर पडीक जमीन मोगली एरंडाखाली आणायची, असा तो संकल्प होता. पाणी नको, खत नको, गुरे तोंड लावीत नाहीत, आणि बियांत तिसरा हिस्सा तेल! ऐकणाऱ्याला भुरळ पडावी अशीच ही गोष्ट होती. २००६ च्या पावसाळ्यात आमच्या गावीही रोपे आली. रोपे वाटणाऱ्यांनी मला चार शब्द बोलायला सांगितले. मी मराठीचा पदवीधर. चार शब्दांचे चाळीस केले. तेल आता परदेशातून येणार नाही, ते आपल्या बांधावर पिकेल, असे ठणकावून सांगितले. टाळ्या पडल्या. शाळेच्या कुंपणाला आम्ही मुलांच्या हातून मोगली एरंड लावला, आणि या मुलीच्या वडिलांनी माझ्या शब्दावर कापसाचे दोन एकर रान त्याला दिले.

पुढे काय झाले, ते देशात पुष्कळ ठिकाणी झाले. झाड पाण्यावाचून जगते हे खरे. परंतु पाण्यावाचून ते बी धरीत नाही. जे थोडे फळ आले, ते एका वेळी पिकेना. एका फांदीवर हिरवे, पिवळे आणि काळे फळ एकत्र. चार-चार वेळा वेचणी करावी लागे आणि मजुरी बियांच्या मोलापेक्षा अधिक होई. तिसऱ्या वर्षी जी तीन पोती जमली, ती विकत घ्यायला कोणी आले नाही. रोपे देणाऱ्यांचा पत्ता नव्हता, घाणा कोठे आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. पोती कुडाच्या खोलीत, सारवलेल्या जमिनीवर, भिंतीला टेकून पावसाळाभर राहिली. दसऱ्याला एक व्यापारी आला. त्याने बी चिमटीत धरून नखाने फोडली, वास घेतला आणि टाकून दिली. बियांना बुरशी धरली होती.

त्याच सुमारास, २००९ साली, मधल्या सुट्टीत सहा मुलांनी कुंपणाच्या बिया फोडून खाल्ल्या. मोगली एरंडाची बी चवीला शेंगदाण्यासारखी गोड लागते, हाच तिचा घातकीपणा. अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. दवाखान्याच्या ओसरीवर त्या सहा लेकरांजवळ बसून काढलेली ती दुपार मी जन्मात विसरणार नाही. संध्याकाळपर्यंत मुले सावरली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः कुदळ घेऊन कुंपण उपटले. दोन एकर रान मात्र मला उपटून देता आले नाही. त्या गृहस्थांनी एका शब्दाने मला दोष दिला नाही, आणि मी बदली होईपर्यंत त्यांच्या घरावरून जाण्याचे टाळले.

असा मी, चैत्रातल्या त्या संध्याकाळी, करंजाच्या झाडाखाली खाटेवर बसलो होतो.

करंज आपल्या ओळखीचा वृक्ष आहे. संस्कृतातही त्याचे नाव करंजच. तेलुगूत त्याला कानुगा म्हणतात. ओढ्याच्या काठी, रस्त्याच्या कडेला, देवळापाशी तो आपोआप वाढतो. चैत्रात जुनी पाने गळतात आणि पाठोपाठ कोवळी, चकचकीत, पोपटी पालवी फुटते, म्हणून भर उन्हाळ्यात त्याची सावली गार असते. त्याची चपटी, टोकाशी चोच असलेली शेंग हातात घेतली की दिवाळीच्या करंजीची आठवण होते. आत बहुधा एकच तांबूस बी. चवीला ती अशी कडू, की पोराने तोंडात घातली तरी लगेच थुंकावी. माझ्या दृष्टीने ही तिची पहिली थोरवी! शेंगवर्गातले झाड असल्यामुळे ते जमिनीला नत्र देते. लावल्यापासून चार ते सात वर्षांनी बी देऊ लागते आणि पुढे कित्येक पिढ्या देत राहते. पूर्ण वाढीच्या झाडापासून वर्षाला नऊपासून नव्वद किलोपर्यंत बी मिळते. एवढा फरक जमिनीचा, पाण्याचा आणि झाडाझाडाच्या वाणाचा.

सकाळी उठलो तो झोडपणीच्या आवाजानेच. आठ-दहा बाया अंगणात वाळलेल्या शेंगांचे ढीग काठीने झोडीत होत्या. त्यांच्यात एक म्हातारी होती. तिला सगळ्या विचारून करीत होत्या, म्हणून मीही तिच्याजवळ जाऊन बसलो. तिला मराठी चांगली येत होती. तरुणपणी ती कापूस वेचायला यवतमाळकडे जात असे. मी विचारले, “आजी, शेंग वाळली हे कसं ओळखायचं?” तिने एक शेंग माझ्या कानाशी हलवली. आत बी खुळखुळत होती. मग दुसरी हलवली; ती मुकी होती. “ही अजून ओली. ही आज झोडली तर पोतं नासवंल.” झोडलेली बी पुन्हा दोन-तीन दिवस उन्हात पसरायची, आणि दाताखाली धरल्यावर ती चेपली न जाता कट्कन मोडली, तरच पोत्यात भरायची.

मग तिने मला कोठीची खोली दाखवली. माझ्या दृष्टीने त्या दोन दिवसांतले खरे तीर्थ तेच. पोती तागाची, प्लॅस्टिकची एकही नाही. जमिनीवर विटा, विटांवर सागाच्या फळ्या, आणि फळ्यांवर पोती. भिंत आणि पोते यांच्यामध्ये हात जाईल एवढी जागा. “भिंतीला टेकवलं की पोतं घाम पितं,” म्हातारी म्हणाली. प्रत्येक पोत्यावर कोळशाने आठवड्याचा आकडा घातलेला. जुने पोते आधी घाण्यावर जाणार. आणि या सगळ्याला तिचा एकच नियम : “पाऊस लागायच्या आत दाणा घरात, आन् पोळ्याच्या आत घाण्यात. मागून तेल खवट येतं.”

शहरातले रसायनशास्त्र याच गोष्टीला दुसऱ्या शब्दांत सांगते. बायोडिझेल करताना तेलात मेथेनॉल आणि थोडा दाहक क्षार घालून ते तापवतात. तेलाच्या रेणूतून ग्लिसरीन सुटून खाली बसते आणि वर पातळ, डिझेलसारखे जळणारे द्रव्य राहते. परंतु बी ओलसर राहिली, तर साठवणीतच तेल फुटून त्यात मोकळी आम्ले तयार होतात. ती दोन टक्क्यांच्या वर गेली, की क्षार त्यांच्याशी संयोग पावतो आणि इंधनाऐवजी साबणाचा फेस हाती येतो. म्हणजे यंत्रशाळेत जे बिघडते, ते पुष्कळदा आधीच कुठल्या तरी कुडाच्या खोलीत बिघडलेले असते. भिंतीला टेकलेली ती तीन पोती माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. २००६ च्या माझ्या चाळीस शब्दांत साठवणीचा एक शब्दही नव्हता.

दुपारी आम्ही शेजारच्या गावी घाणा पाहायला गेलो. विजेवर चालणारे लहानसे यंत्र. चार किलो बी घातली की साधारण एक लिटर तेल पडते आणि तीन किलो पेंड उरते. तेल गडद तपकिरी, उग्र वासाचे. मी घाणेवाल्याला मोठ्या उत्सुकतेने विचारले, “हे तेल कोणत्या गाडीत जातं?” तो हसला. “गाडीत कुठलं, गुरुजी! साबणवाले नेतात, फवारणीच्या औषधवाले नेतात. ते डिझेलपेक्षा जास्त भाव देतात.” एक-दोन शेतकरी पंपाच्या जुन्या इंजिनात डिझेलबरोबर थोडे मिसळतात, इतकाच त्याचा इंधनाशी संबंध. आणि बायांना तेलापेक्षाही पेंड प्यारी. कापसाच्या रानाला ती खत म्हणूनही लागते आणि वाळवीही दूर ठेवते.

मी क्षणभर खट्टू झालो. ज्या स्वप्नापायी एवढे रामायण घडले, ते इंधन इथेही नव्हतेच! परतताना, मास्तरांच्या सवयीने, मी त्रैराशिक मांडले. आमची बस लिटरला पाच किलोमीटर जाते असे धरले, तर आदिलाबाद ते उटनूर या एका खेपेस अकरा लिटर तेल, म्हणजे चव्वेचाळीस किलो बी हवी. एका चांगल्या झाडाचे, किंवा चार-पाच बेताच्या झाडांचे वर्षाचे उत्पन्न एका खेपेत संपले. साऱ्या देशाच्या गाड्यांचा भार या झाडांवर टाकायचा म्हणजे म्हाताऱ्या आजीच्या डोक्यावर सागाचा ओंडका देण्यासारखे आहे. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रण ठरवले होते. प्रत्यक्षात बायोडिझेल एक टक्क्यालाही पोचले नाही, आणि २०१८ च्या धोरणाने २०३० साठी पाच टक्क्यांवर समाधान मानले. प्रयोग फसला असे मात्र नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक उडुपी श्रीनिवास यांनी करंजाच्या तेलावर जनित्रे चालवून दाखवली. २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडूनहून दिल्लीला एक विमान मोगली एरंडाच्या तेलापासून केलेले इंधन मिसळून उडाले. तेल जळते, यात शंका नाही. प्रश्न ते कोण पिकवणार, कोण राखणार आणि त्याचे मोल कोण देणार, हा आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर आमच्याच डोंगरांनी दिले होते. इथून जवळच पॉवरगुडा नावाचा लहानसा पाडा आहे. तेथील बचत गटाच्या बायांनी करंजाची झाडे लावली, तेल काढले. आणि त्या तेलाने डिझेल वाचून जो धूर टळेल, त्याच्या मोबदल्यात २००३ साली जागतिक बँकेने त्यांना ६४५ डॉलर दिले. हिशेब १४७ टन कार्बन डायऑक्साइडचा होता. वॉशिंग्टनला भरलेल्या एका परिषदेच्या प्रवासाचा धूर आदिलाबादच्या रानातल्या बायांनी भरून काढावा, हा योग विलक्षणच म्हणायचा. रक्कम मोठी नव्हती. पण तिथे झाडाआधी घाणा होता, आणि घाण्याआधी चार घरांचा मेळ होता, ही गोष्ट मी २००६ साली वाचली असती तर!

रात्री जेवणे झाल्यावर म्हातारीला मी माझी सारी हकिगत सांगितली. मुलांच्या उलट्या, तीन पोती, दोन एकर. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला उलट विचारले, “मास्तर, त्या झाडाचा दिवा कोणी लावला होता तुमच्या गावात? त्याचं तेल कोणी खरजेला लावलं होतं?” मी म्हटले, “नाही. कोणालाच माहीत नव्हतं.” “मग ते पाहुणं झाड,” ती म्हणाली. “पाहुण्याला दोन एकर नाही देत कोणी. त्याला आधी बांधावर बसवून पाहायचं.” गुड्यात कोणीही करंजासाठी पिकाची जमीन दिलेली नव्हती. सारी झाडे ओढ्याच्या काठाला, बांधाला आणि रस्त्याला होती. साबणवाला आला नाही, तरी पेंड होती. पेंडीचे काम नसले, तरी सावली होती. एखाद्या वर्षी बीच आली नाही, तर कोणाच्या घरची चूल विझणार नव्हती. देशाला डिझेल पुरवण्याचे व्रत या झाडांनी घेतलेलेच नव्हते, म्हणून ती टिकून होती.

दुसऱ्या दिवशी निघताना माझ्या विद्यार्थिनीने एका पुरचुंडीत शेरभर शेंगा बांधून दिल्या. गाडीत चढताना हळूच म्हणाली, “गुरुजी, एवढं बाबांना नेऊन द्याल?” तेव्हा मला त्या निमंत्रणाचा अर्थ पुरता उमगला.

त्याच आठवड्यात मी पैनगंगेकाठच्या त्या गावी गेलो. इतक्या वर्षांनी त्या ओसरीवर पाऊल ठेवताना पाय जड झाले होते. गृहस्थ आता साठी ओलांडलेले. त्यांनी “या गुर्जी” म्हणून घोंगडी अंथरली, आतून चहा मागवला. मी आधी क्षमा मागितली. ते म्हणाले, “सोडा गुर्जी. तुम्ही सांगितलं, मी ऐकलं. दोघंही तेव्हा जवान होतो.” मग मी पुरचुंडी सोडली आणि करंजाची सारी कथा सांगू लागलो. ओढ्याचा काठ, नत्र, पेंड, तागाची पोती, फळ्या. माझा आवाज पुन्हा २००६ सारखा चढू लागला आहे, हे माझ्याही ध्यानात आले नाही. त्यांच्या ते आले. त्यांनी एक शेंग उचलली, कानाशी नेऊन खुळखुळ ऐकली, खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले,

“गुर्जी, या बारीला आधी घाना कुठं हाय ते सांगा. झाडाचं मग पाहू.”

मी गप्प झालो. इतक्या वर्षांत मला कोणत्याही विद्यार्थ्याने इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

शेंगा त्यांनी परत केल्या नाहीत. ओसरीच्या आढ्याला ती पुरचुंडी, भिंतीपासून हातभर दूर, टांगून ठेवली आहे. मी सध्या रविवारच्या बाजाराच्या गावी एका जुन्या, बंद पडलेल्या तेलघाण्याच्या मालकाकडे खेटे घालतो आहे. घाणा सुरू होईल की नाही, त्यावर किती गावांचे बी येईल, पेंड कोणत्या भावाने जाईल, हे सारे आकडे एका वहीत उतरवतो आहे. वही पुरी होईल तेव्हाच त्या ओसरीवर जाईन. पावसाळा जवळ आला आहे. पण या खेपेस मला घाई नाही.